पब्लिक कन्व्हीनियन्स

३ मार्च, सोम.
बागेतल्या टॉयलेटला कुलूप. 'क्लोज्ड' एवढीच पाटी. घर पंचवीस मिनिटांवर. नलिनीताई अकराला येतात, मी साडेदहालाच बाकावरून उठले. कशीबशी पोचले. अख्ख्या कॅलिफोर्नियात त्या एकट्याच माझ्याशी निवांत मराठीत बोलतात.

५ मार्च, बुध.
सकाळी चहा नाही, पाणी नाही. शाळेत शिकवताना अठ्ठावीस वर्षं हेच केलं. बाकावर पाऊण तास. नलिनीताईंनाही घाई. "सोय नसली की बाईमाणसाचं सगळं अडतं," म्हणाल्या. महिनाअखेर त्या नागपूरला परत जाणार.

७ मार्च, शुक्र.
दुपारी चक्कर आली. मिलिंद चिडला, पाणी प्यायला काय होतं म्हणे. मुलाला काय सांगायचं, कप्पाळ! आता बाग बंद, बॅकयार्डमध्ये फिर म्हणतो. बॅकयार्ड बावीस पावलांचं.

११ मार्च, मंगळ.
सिटीला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, पत्र लिहिलं. दहावीला दरवर्षी हेच शिकवायचे: स्टँडवर पब्लिक कन्व्हीनियन्स नाही, नगरपालिकेकडे तक्रार करा. पाच मार्क. शेकडो पोरांनी लिहिलं, मी तपासलं, पाठवलं कुणीच नाही. मीही नाही.
इरा, माझी नात, वाचून म्हणाली, "आज्जी, नोबडी सेज दॅट. से रेस्टरूम." म्हटलं, विश्रांती कोण घेतंय तिथे? कन्व्हीनियन्स म्हणजे सोय, तीच मागतेय. तिने विचारलं, पण तुला का हवीय? सांगून टाकलं सगळं. मग तिने माझा शब्द तसाच ठेवून पुढे रेस्टरूम टाईप केलं, पाठवलं.

१८ मार्च, मंगळ.
उत्तर: पत्र संबंधित विभागाकडे दिलंय. घ्या! आमच्या गावची नगरपालिका तरी वेगळं काय कळवणार होती.
नलिनीताईंची भेट नाही, फार एकटं वाटतं. फोन नंबरही घेतला नाही, मूर्खपणा माझाच. तेरा दिवस झाले.

२१ मार्च, शुक्र.
इराने बापाला सांगितलेलं दिसतंय. मिलिंदने पाण्याचा ग्लास पुढे ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, पिऊन जा. मी आज घरूनच काम करतोय. फोन कर, पाच मिनिटांत गाडी आणतो."
ग्लास रिकामा केला. कुलूप निघालंय का, माहीत नाही. नलिनीताई येतील का, तेही नाही. साडेदहा झाले. निघते.