ब्रुझ तळ्याची एकेरी वाट

३ मे, शनिवार

पोचलो एकदाचा मोंझेलला. बसने चौकात उतरवलं तेव्हा दोन बॅगा, पिवळ्या रंगाचे आठ डबे आणि चार ब्रश एवढाच माझा संसार होता. अडतीस वर्षं पोरांना भूगोल शिकवला. नकाशावर बोट ठेवून दाखवलेल्या वाटांपैकी पायाखाली आल्या त्या फार थोड्या. आता निवृत्त झाल्यावर पायवाटांवर खुणा रंगवायचं काम धरलंय, आणि खरं सांगायचं तर नोकरी लागली तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता. घर लहान आहे. खिडकीतून कुरणं दिसतात, त्यांच्या खाली बीच झाडांचं रान आणि रानाच्या पोटात ब्रुझ तळं.

किल्ली द्यायला सरपंचबाई फाब्रेग स्वतः आल्या. विधवा, जाड हाडाच्या, साठ गाईंच्या मालकीण. वय विचारलं. मी त्रेसष्ट सांगितलं, तर म्हणाल्या, बाजारात गाईचं वयही लोक असंच सांगतात. बाई आवडल्या मला.

५ मे, सोमवार

दुपारी कॅफेत जेवलो. सॉसेज, आणि चीज घालून घोटलेला बटाटा, ज्याची तार ताटापासून नाकापर्यंत येते. ओग्युस्त नावाचा गुराखी शेजारी येऊन बसला. सरपंचबाईंची गुरं तोच सांभाळतो. त्याने मला लगेच मास्तर करून टाकलं. म्हणे, मास्तर, आता झाडांना पण बाराखडी शिकवणार का? आम्हाला तर मुतायला कुठे जायचं तेही खुणेशिवाय कळतं. सगळे हसले, मीही हसलो.

काम काय ते आज कळलं. तळ्याभोवती सहा किलोमीटरची नवी फेरी आखायची. पंचवीस तारखेला गुरं वरच्या कुरणात चढतात, त्याच्या आत. एवढी घाई कशाला, म्हणून विचारलं. सरपंचबाई म्हणाल्या, हंगाम. तळ्याचं पाणी कुरणाच्या कुंपणाला लागलंय, खालचे खांब बुडालेत. बर्फ वितळलं असेल.

८ मे, गुरुवार

आज बाईंशी वाजलं. आमच्या कामाचा पहिला नियम असा, की वाट दोन्ही बाजूंनी रंगवायची. जाताना एकदा चालायचं आणि मागून येणाऱ्याला दिसतील अशा खुणा करायच्या. मग उलट फिरून परत चालायचं आणि झाडांच्या दुसऱ्या अंगाला करायच्या. नाहीतर अर्ध्या वाटेवर ज्याला मागे फिरायचंय त्याने काय करावं? बाई म्हणाल्या, फेरीच आहे ती, मागे फिरायचं कशाला? एकाच बाजूने रंगवा. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. त्यावर त्या गोड हसल्या. म्हणाल्या, तुमच्याइतका जाणकार माणूस गावात आजवर आला नाही, फलकावर तुमचं नाव घालणार आहोत: गिस्लेन मोरेल यांनी आखलेली वाट.

माणूस खोटं कशाला बोलेल स्वतःच्या वहीत? नाव ऐकलं आणि मी विरघळलो. शिवाय गुडघाही दुखतोय. एकाच बाजूने रंगवतो.

१६ मे, शुक्रवार

वाट झाली. सुंदर झाली. आधी कुरण, मग रान, मग सगळा वेळ पाणी डाव्या हाताला. एका खुणेपाशी उभं राहिलं की पुढची दिसलीच पाहिजे, अशी एकशे बारा झाडं. शेवटची खूण, जिथून आत शिरलो होतो त्याच फाटकावर केली आणि बाहेर आलो. कुंपणाजवळ ओग्युस्त उभा होता. मी गावातला नाही ना, हे त्याने दुसऱ्यांदा विचारलं. आई तरी इकडची? म्हटलं, नाही बाबा, सात पिढ्यांत कोणी नाही. तो म्हणाला, झकास.

संध्याकाळी ओदिलला फोन केला. तिची आई आणि मी वेगळे झाल्यापासून लेक माझ्याशी सणापुरतं बोलते. आज चक्क दहा मिनिटं बोलली. पंचवीसला येते म्हणाली, बाबा, तुमची वाट चालून बघते. फोन ठेवल्यावर मी रडलो, आणि त्याची लाज वाटली नाही.

१९ मे, सोमवार

पहिले वाटसरू! डच नवरा-बायको, दोघांच्या अंगात निळी जाकिटं. सकाळी नऊला फाटकातून आत गेले. दुपारी पलीकडच्या काठावर दिसले. मी हात हलवला, त्यांनीही हलवला.

२२ मे, गुरुवार

डच अजून चालताहेत. हौस दांडगी म्हणायची. आज तीनदा दिसले. जाकिटं तीच. पाणी मात्र उतरलंय, कुंपणाचे सगळे खांब उघडे पडलेत. कॅफेत आज मला पैसे द्यावे लागले नाहीत.

२५ मे, रविवार

सकाळी गुरं चढली. शिंगांना कागदी फुलं, गळ्यात घंटा, मागे सगळं गाव. ओदिल दहाच्या बसने आली. केस कापलेत, आजीसारखी दिसते. मला मिठी मारली. बाईंनी मला मुख्य टेबलावर बसवलं होतं, भाषण करायचं होतं. ओदिल म्हणाली, चला ना बाबा, आपण दोघं जाऊ. मी म्हटलं, तू हो पुढे, दीड तासाची तर वाट, माझ्या खुणा बघत जा, चुकूच शकत नाहीस. ती मग गेली.

भाषण छान झालं. दीड तासाने ती आली नाही. तीन तासांनी फाटकाशी गेलो. समोरून आली, घामेजलेली. मी हाक मारली. हसली. विचारलं, बाबा, किती राहिलं अजून? आणि फाटकाला वळसा घालून पहिल्या खुणेकडे निघून गेली.

दीड तासाने पुन्हा आली. मी दंड धरला. ती थांबत नव्हती, मला ओढत होती. माझा एक पाय वाटेवर पडला आणि त्या पायाला पुढची खूण दिसल्यासारखं झालं. कसं लिहू ते? पायाला दिसली. मी हात सोडला.

मी हात सोडला.

२६ मे, सोमवार

सरपंचबाईंच्या दारात जाऊन ओरडलो. त्यांनी कॉफी दिली. शांतपणे सांगितलं. तळ्याला काठ दाबून धरणारी माणसं लागतात, तीन, रात्रंदिवस. वाट परक्याच्या हातची लागते आणि एकाच दिशेची. मागे खूण नसली की त्यांना मागे वळताच येत नाही. बारा वर्षांपूर्वी काठावर कोणी नव्हतं, तेव्हा एका रात्रीत पाणी वरच्या कुरणापर्यंत आलं. चाळीस गाई बुडाल्या आणि बाईंचा नवरा. आता तिघं झालेत, वर्षभर निभेल. गेल्या खेपेचा एक तर फेब्रुवारीपर्यंत टिकला, म्हणाल्या.

मी म्हटलं, ती माझी मुलगी आहे. त्या म्हणाल्या, सगळे कोणाची ना कोणाची मुलंच असतात, मास्तर. साखर देऊ?

२७ मे

उलट्या खुणा करायला गेलो. फाटकाबाहेर उभा राहून, हात लांबवून, पहिल्या झाडाच्या दुसऱ्या अंगाला. रंग धरत नाही. सायीसारखा ओघळून खाली येतो. चार डबे संपवले. ओग्युस्त गवतात बसून ब्रेड खात बघत होता. म्हणाला, मास्तर, झाडाने एकदा पाठ केलं की खोडता येत नाही.

शेजारच्या गावचे दोन पोलीस बोलावले. ओदिल जाता जाता त्यांना नमस्कार म्हणाली. ते म्हणाले, सज्ञान बाई आहे, फिरतेय. गेले.

२९ मे

तिचा एक बूट गेला.

मी घड्याळ लावून बसतो. तिच्या एका फेरीला आधी एक तास एकतीस मिनिटं. आता एक चाळीस. ती किती राहिलं विचारत नाही. फक्त बाबा म्हणते. डच बाई काहीच म्हणत नाही. तिच्या घोट्यांकडे मी बघत नाही.

सरपंचबाईंनी आज आपण होऊन सांगितलं. चौथं माणूस आत गेलं, की त्यानंतर फाटकाशी जो पहिला पोचेल त्याला तळं सोडतं. एकाच्या बदल्यात एक. माझ्याकडे बघत म्हणाल्या, बाप आहात, तुम्हीच जा की.

३० मे

गेलो. फाटकाला हात लावला. मागे आलो.

दुपारी पुन्हा. मागे आलो.

मी भित्रा आहे. हे माझ्या बायकोला कधीच कळलं होतं. लेकीला आता कळतंय, दर एक तास बेचाळीस मिनिटांनी.

३१ मे

उगेतला फोन केला. आमच्या शाळेची ग्रंथपाल. माझं आजारपण काढलं तिने, दर रविवारी फोन करते, तिच्या मनात काय आहे ते मला दहा वर्षं माहीत आहे. म्हटलं, ये, माझी वाट बघायला ये. ती इतकी आनंदली, की लगेच बसची वेळ विचारून घेतली. मग म्हणाली, सफरचंदाचा टार्ट करून आणते.

मी चौकात तिला घ्यायला जाणार नाही. तिच्या तोंडाकडे बघवणार नाही. म्हणून उरलेल्या दोन डब्यांतून खुणा केल्या, बसथांब्यापासून चर्चवरून, कुरणातून थेट फाटकापर्यंत. पंचवीस खुणा. इथे रंग लगेच धरला. तिला कळवलं, पिवळ्या खुणा बघत ये, मी तळ्यापाशी भेटतो.

१ जून, रविवार

कुरणाच्या भिंतीमागे बसलोय. वही मांडीवर. 

दहा वीस. उगेत आली. निळा फ्रॉक, हातात टार्टचा डबा. खुणा मोजत येतेय लहान पोरीसारखी. फाटकाशी थांबली, माझ्या नावाने हाक मारली, दोनदा. मी भिंतीमागे आणखी वाकलो. आत गेली.

दहा चोवीस. ओदिल दिसली. एकटीच. डच बरेच मागे. हिशेब बरोबर, देवा, बरोबर —

ती फाटकात आहे. थांबली. बाहेर पाऊल टाकलं. टाकलं. बाहेर आहे. दोन्ही पाय अनवाणी. गवतावर डाग.

हाक मारली. धावत गेलो, धरलं, ओदिल, झालं, संपलं, घरी जाऊ. ती माझ्या खांद्यावरून बघतेय. मला नाही. भिंतीवर —

भिंतीवरची खूण. माझी. कालची.

सगळ्या तळ्याकडे नेणाऱ्या आहेत. गावाकडे नेणारी एकही नाही. एकही नाही केली मी, परतीची कोणाला लागणार होती —

हातातून निसटली. मी पुढे येऊन खुणेवर तळवा ठेवलाय. ती वाकून बघतेय, बोटांमधून पिवळं दिसतंय. रंगाचा डबा रिकामा. अंगातला कोट काढून झाकतो, पण फाटकावरची पण आहे, ती मोठी केली होती, लांबून दिसावी म्हणून, ती तिकडे वळली, बाबा म्हणाली, किती राहिलं म्हणाली, मी म्हटलं काही नाही राहिलं, बाळा, थांब, आणि ती हसून