गणराजची हजेरी

हर्षाली वहिनी,

रविवारी आमच्या दहावी ‘ब’च्या स्नेहमेळाव्यात तुम्ही गणराजच्या बाकावर बसला होतात. सरांनी पूर्वीसारखी हजेरी घेतली. गणराजचं नाव येताच मी त्याच्या घोगऱ्या आवाजात ‘हजर सर’ म्हणालो. सगळे हसले, मग डोळे पुसायला लागले. शाळेत हे माझंच काम. दुधाचा रतीब घालून तो रोज उशिरा यायचा.

वहिनी, ती सवय आम्ही दोघं भोसरीच्या वर्कशॉपमध्ये लागलो तरी सुटली नाही. त्या सकाळी तो आला नव्हता, तरी मी त्याचं कार्ड पंच केलं. येईलच म्हटलं. दहाला तो पोचला का विचारायला तुम्ही ऑफिसात फोन केलात. कार्ड बघून त्यांनी सांगितलं, ‘आहेत कामावर.’ म्हणून कुणी शोधलंच नाही. दिघीच्या वळणावर तो गाडीसकट नाल्यात पडला होता, संध्याकाळपर्यंत. डॉक्टर म्हणाले, सकाळी आणलं असतं तर वाचला असता.

याआधीची दोन पत्रं खिशात घालून मी तुमच्या घरी आलो होतो. तुम्ही चहा केलात, तो पिऊन निघालो. हेही तसंच खिशात राहील.

रविवारी निघताना तुम्ही म्हणालात, “भाऊजी, यांची हजेरी तुम्ही अजून लावताय.”

मी ‘हो’ म्हणालो.

त्याच्या शेजारच्या बाकावरचा,
ज्योतीराम