चिंचेनं धुतलेले हात

आई, तुमच्या पिढीतल्या बायकांचे हात मऊ होते, असं आता ठरलं आहे. कुणी ठरवलं म्हणशील तर मोबाईलवरच्या एका ग्रुपनं. आपल्या भागातली, निपाणीपासून पार खानापूरपर्यंतची माणसं त्यात आहेत. कुणी तांदळातले किडे घालवायचा उपाय सांगतं, कुणी खाली लागलेल्या दुधाचं काय करावं ते विचारतं, कुणी जुन्या बाजाराची आठवण लिहितं आणि मग दुसरा कुणीतरी त्या बाजाराचा वार चुकलाय म्हणून भांडतो. तो दुसरा बहुतेक वेळा मी असतो. आक्कानंच मला त्यात घातलं. "दिवसभर पंपाच्या मोटारींच्या तारा गुंडाळत बसतोस, जरा माणसांत ये," म्हणाली. आलो. आता म्हणते, तू माणसांत येऊन मास्तरकी करतोस. मी सातवीनंतर शाळेत गेलेलो नाही, मोटार भरायला कुणी शिकवली नाही, कन्नड वाचायला एसटीच्या पाट्यांवरून शिकलो. जे शिकलो ते तपासून शिकलो. चूक दिसली तर चूक म्हणायची नाही काय?

तर गेल्या आठवड्यात त्या ग्रुपवर चिंच आली. टाकणारी कोण, तर आक्काच्या धाकट्या दिराची पोरगी. बेळगावात बँकेत आहे, सांबऱ्यात आक्काच्याच घरात राहते, मला मामा म्हणते. पोरगी चांगली आहे, तिच्याविषयी माझं काही म्हणणं नाही. पण तिनं लिहिलं काय, तर 'आमच्या आजीची टीप: चिंचेच्या कोळानं हात चोळा, थोड्याच दिवसांत मऊ आणि उजळ होतात. जुन्या बायकांच्या हातांचं गुपित आता कळलं ना?' खाली फुलं, बदाम, आणि बायकांची नुसती झुंबड. मी ते वाचलं आणि माझ्या कानशिलाला ऊन लागल्यासारखं झालं.

कारण चिंच कशासाठी असते ते मला माहीत आहे. तू संध्याकाळी तंबाखूच्या वखारीतून येतेस, उंबऱ्याबाहेरच पदर झाडतेस, आणि तंबाखूचा खकाणा असा उडतो की मी चार हात लांब उभा राहूनही शिंकतो. मग परसात बसतेस. आधी चुलीतली राख, ती दोन्ही तळव्यांना. मग चिंचेचा कोळ, बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडांना. मग पाणी. साबण नाही, कारण साबणानं तंबाखूचा कडवटपणा निघत नाही, नुसता पसरतो. ही रीत तुला चाळणीवर शेजारी बसणाऱ्या कन्नड बाईनं सांगितलेली, म्हणून तूही चिंचेला तिच्यासारखं हुणसी म्हणायचीस आणि आम्ही हसायचो. दिवसभर पत्ती आणि काडी वेगळी करून हाताला जो थर बसायचा, तो घेऊन पिठात हात घालायची सोय नव्हती. एवढं करूनही पहिल्या भाकरीत कडूपणा उतरायचाच. ती तू बाजूला ठेवायचीस. मी एकदा चुकून तिचा तुकडा मोडला आणि थू थू करत परसात पळालो, तर तू आतनं म्हणालीस, "आरं, ती माझी हाय. तुला कुणी सांगितलं तिला हात लावाय?" आणि आमची जेवणं झाल्यावर ती तूच खाल्लीस.

आणि तुझे हात मऊ नव्हते. पेरांत काळ्या चिरा होत्या, नखांच्या कडा पिवळट तांबूस. पाठीवरून तळवा फिरवलास की सदऱ्याचे धागे अडकायचे.

म्हणून मी ग्रुपवर लिहिलं. तुझा उल्लेख न करता, सरळ लिहिलं: 'हा सौंदर्याचा उपाय नव्हे. निपाणीच्या वखारींत तंबाखू चाळणाऱ्या बायका हात धुवायला चिंच वापरत. त्यांचे हात मऊ नव्हते.' मग एकानं टाकलं, "काका, सावकाश, ऊन आधीच लई हाय." त्याच्याखाली हसऱ्या तोंडांची रांग. मग ग्रुप चालवणारे गुरुजी आले. "दादा, आपला ग्रुप सकारात्मक आहे. तंबाखूचा विषय शक्यतो नको. लहान मुलंही वाचतात." आई, निपाणीत राहून तंबाखूचा विषय नको! अर्धं गाव ज्याच्यावर उभं राहिलं त्याचं नाव घ्यायचं नाही, कारण मुलं वाचतात. त्या मुलांच्या आज्यांनी तो खकाणा छातीत भरून घेतला, त्याचं काय? वखारमालकांच्या घरात पोरी द्यायला लोक धडपडत होते. तंबाखू त्यांचीही होती. वास मात्र तुमच्याच हाताला येत होता.

आणि मग त्या पोरीनं विचारलं. सरळ मनानं विचारलं, हे मी मान्य करतो. "मामा, एवढं नक्की सांगताय म्हंजे तुमच्या घरातलं कुणी वखारीत हुतं काय?"

मी बसलो आणि लिहायला घेतलं. व्हय म्हणून. माझी आई होती म्हणून. आप्पा गेल्यावर कशी जायला लागलीस, काय करायचीस, हात कसे धुवायचीस, पहिली भाकरी कोण खायचं, सगळं. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. पाठवणार एवढ्यात आक्काचा फोन.

"काय लिहितोयस रं तू? तासभर 'लिहितोय, लिहितोय' दिसतंय नुसतं."

"खरं लिहितोय."

"आईचं?"

"मग कुणाचं?"

"पाठवू नगंस."

मी म्हटलं, का? तर तिनं आवाज बारीक केला. मग म्हणाली, "हितं कुणाला म्हाईत न्हाय, आई वखारीत हुती ते."

मला ते समजेचना. तीस वर्षांवर झाली तिच्या लग्नाला. सगळं निपाणी जाणत होतं. "निपाणी जाणत हुतं," ती म्हणाली, "सांबरा न्हाय. सोयरीक ठरताना आईनं सांगितलं, मी शिवणकाम करते. आन् साखरपुड्याला सासूबाईस्नी कुंकू लावाय हात वर केला, तर त्या म्हणाल्या, 'विहीणबाई, हाताला चिंचेचा वास येतोय की ओ तुमच्या.' मी शेजारीच बसलेली. माझा जीव गेला. आई हसली आन् म्हणाली, 'चिंच चोळते मी. हात मऊ ऱ्हात्यात.' झालं. सासूबाईंनी ते धरून ठेवलं. गल्लीभर सांगितलं, सुनांना सांगितलं, नातीला सांगितलं. तू ज्याच्यावर तुटून पडलायस न्हवं, ते आईचंच वाक्य हाय."

मी म्हटलं, शिवणकाम कुठलं? आपल्या घरात मशीन तरी होतं काय?

"न्हवतं. म्हणून तर लग्नात मला दिलं, शिवणकाम खरं वाटाय."

आई, ते मशीन मला लख्ख आठवतं. काळं, सोनेरी वेलबुट्टीचं. तू ते घरी आणलंस तेव्हा पदरानं पुसत बसली होतीस, आणि त्यात दोरा कुठून कसा घालायचा हे तुला येत नव्हतं. शेवटी मी दुकानात जाऊन विचारून आलो. मला वाटलं, लेकीसाठी हौस. लोकांना अजून सांगतो मी, आमच्या आईनं एवढ्या ओढगस्तीत लेकीला मशीन दिलं म्हणून. आक्का म्हणाली, "शिवणाऱ्या बाईची पोरगी म्हटल्यावर पहिल्याच महिन्यात चार झंपर आले शिवायला. रडत रडत शिकले. करती काय?" आणि हसायला लागली. मला हसू आलं नाही.

"वखारीत काम केलं," मी म्हटलं, "चोरी केली काय कुणाची?"

"तू गडी हाईस," ती म्हणाली. "तुला अभिमान परवडतुया. वखारीतल्या बाईची पोरगी म्हणून मला काय काय ऐकाय लागलं असतं, ते तुला ऐकवाय कुणी आलं नसतं."

"आता काय त्याचं? तुला नातवंडं झाली."

"सासूबाई हाईत अजून. कान तिखट हाईत त्यांचं. ह्या वयात त्यांच्यापुढं मी खोटारड्या बाईची पोरगी व्हायची काय?"

फोन ठेवल्यावर मला एक जुनी गोष्ट नव्यानं दिसली. शाळेत गुरुजींनी विचारलं होतं, कुणाच्या घरी कोण काय करतं. मी उठून ठणठणीत सांगितलं, आई वखारीत आहे. ते गुरुजी तुला बाजारात भेटले आणि काहीतरी बोलले. घरी येऊन तू पिशवी आपटलीस. "एवढं उभं राहून सांगायची काय गरज हुती? आई घरात असती म्हणायचं." मला वाटलं, बाजारात काहीतरी महाग मिळालं असेल, त्याचा राग माझ्यावर. इतकी वर्षं तसंच वाटत होतं. मी सगळ्या जगाच्या बारीकसारीक चुका काढतो, आणि माझ्या घरातली एवढी मोठी गोष्ट मला आक्काकडून कळावी!

मला तुझा राग आला. आजही आहे. खोटं बोललीस म्हणून नाही, आक्कासाठी बोललीस ते कळतं मला. पण तू निदान मला सांगायचंस. मी बाहेर तुझी बाजू घेऊन भांडत होतो आणि तू आत बसून दुसरीच बाजू घेतली होतीस. ज्यांनी तुझ्याकडून ते खोटं बोलवून घेतलं त्यांच्यावर तर राग आहेच, पण ते आता कुणी एक माणूस नाहीत, त्यांना जाऊन गाठायचं कुठं? तू गेलीस तरी तुला निदान मला लिहिता येतं. कुठं पाठवायचं नाही हे, आक्काला दाखवायचंही नाही. त्या मोठ्या मजकुराचं एक एक अक्षर मी पुसलं. आणि पोरीचा प्रश्न तसाच राहिला.

नंतर ग्रुपवर संकेश्वरच्या एका बाईनं विचारलं, चिंच कशी भिजवायची? मग काय विचारतेस. एक म्हणे उकळा. एक म्हणे दह्यात कालवा. गुरुजी म्हणाले, हळद घातल्यास उत्तम. मी मोबाईल लांब ठेवला, एक मोटार उघडली, परत मोबाईल घेतला. तोवर कुणीतरी त्यात गुलाबपाणी घातलं होतं. मग मात्र मला राहवलं नाही. लिहिलं: 'उकळू नका. जुनी चिंच घ्या, नवीचा कोळ चिकट होतो. बिया, शिरा काढून गार पाण्यात भिजवा, चिमूटभर मीठ टाका, चोथ्यासकट चोळा.'

बायकांनी नमस्काराचे हात टाकले. गुरुजींनी 'उपयुक्त माहिती' असा शेरा दिला. आणि ती पोरगी आली. "मामा, तुम्हाला ओ कसं म्हाईत एवढं?"

"आमच्या आईची रीत होती," मी लिहिलं.

"म्हंजे आमची आजी सांगती ते खरंच हाय? तुमच्या आईचं हात लई मऊ हुतं म्हणं?"

मी हातातली तार खाली ठेवली. मग 'व्हय' एवढंच लिहिलं आणि पाठवलं. खोटं लिहिल्याचं वाईट वाटेल म्हणून नंतर वाट बघितली. वाटलं न्हाय.