शब्द न टाकण्याचं वर्ष

काल्हेर, रविवार

चि. चांगदेव यास तुळशीराम भावोजींचे अनेक आशीर्वाद. गुडघा कसा आहे? वज्रेश्वरीच्या गरम कुंडात बुडवून ये, दोन दिवस तरी बरं वाटेल. इकडे सगळे खुशाल. तुझी ताई माझ्यावर नेहमीइतकीच खूश आहे.

गोदाम परवाना समितीवरची माझी सरकारी नेमणूक संपली आणि त्याच खुर्चीवर तू बसलास, याचा मला आनंदच आहे (पहिले चार दिवस नव्हता). निघताना मी लिहून दिलंय, की वर्षभर समितीकडे कोणासाठीही शब्द टाकणार नाही. नियम म्हणजे नियम! म्हणून प्रितेश शेठनी मला गोदामावर सल्लागार नेमलं तेव्हाच बजावलं, मी तोंड उघडणार नाही. शेठ म्हणाले, उघडूच नका, नुसते गाडीत बसा. मग गाडी त्यांनी नेमकी समितीच्या दारात लावली आणि काच खाली केली. मी फक्त खोकलो (खोकण्याबद्दल नियमात काही नाही, बघून घेतलंय), तर आतून शिपाई चहा घेऊन धावत आला.

मग आली मानकोलीची हळद. शेजारच्या खुर्चीत समितीचे सचिव! देवाशपथ सांगतो, मटणाखेरीज कशावरही बोललो नाही. पण आपल्याकडे हळदीला आलेल्याचं नाव माइकवर पुकारल्याशिवाय यजमानाला चैन पडतं का? तो पठ्ठ्या बेंजो थांबवून ओरडला, "समितीचे माजी सदस्य, आता प्रितेश शेठचे सल्लागार, तुळशीराम भोईर यांचं सहर्ष स्वागत!" तेही तीनदा. सचिव ताट घेऊन उठले ते थेट बायकांच्या पंगतीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी मला खुलासा मागणारी नोटीस.

शेठ मात्र खूश. त्यांना आमच्या आळीमागचा नाला बुजवून ट्रकसाठी फाटक काढायचंय. मंगळवारच्या बैठकीत परवानगी आणा, नाहीतर सल्लागाराची खुर्ची सोडा, म्हणतात. खुर्ची फिरती आहे रे, वर एसी! पण मी तुला एका शब्दानं काही सांगणार नाही.

तुझा,
तुळशीराम भावोजी

ता. क. : हे पत्र घेऊन तुझी ताईच येतेय. तिनं सरकारला काही लिहून दिलेलं नाही. तेव्हा ती जे बोलेल ते मीच बोललो असं समज.

ता. क. : चांगदेव, मी गुणाताई. पत्र बसमधी वाचलं. नाला बुजवला का पावसाचं पाणी सरळ माझ्या घरात शिरंल. परवानगी बिलकुल देऊ न्हको. भावोजी बोलले असंच समज.