नाव मालीमच्या नावे

मी, सत्तार करीम शेख, वय एकाहत्तर, राहणार माजलगाव, धंदा धरणात नाव चालवणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कुणाच्या दडपणाखाली न येता लिहून ठेवतो. बायको अकबरी दोनदा म्हणाली, "अजी, असलं काय लिवून ऱ्हायलात!" तिचं ऐकलेलं नाही.

१. घर व बँकेतली शिल्लक शरियतप्रमाणे वाटावी.

२. माझी नाव, वल्ह्यांसकट, अकबरीला द्यावी. कारण लिहितो. तरुणपणी मी मुंबईला गलबतावर खलाशी होतो. तिथले म्हातारे वाट सांगणाऱ्याला मालीम म्हणत. मूळ अरबी शब्द मुअल्लिम, म्हणजे शिकवणारा. खडक कुठे, पाणी उथळ कुठे, हे ज्याला ठाऊक तो मालीम. सुकाणू दुसऱ्याच्या हाती असलं तरी हुकूम त्याचा.

अकबरीचं माहेर या धरणात बुडालं. पहिल्याच फेरीला ती ओरडली, "थांबा! खाली मशिदीची भिंत हाय, डावीकडून घ्या." तेव्हापासून ती पुढं बसते. मला वरचं पाणी दिसतं, तिला खालच्या गल्ल्या दिसतात. तीच माझी मालीम. लई जीव आहे माझा तिच्यावर; तोंडावर कधी बोललो नाही, म्हणून इथं लिहिलं.

३. माझ्यानंतर वल्हं घाटावरच्या बंकट भोईने मारावं. "बायकोला इचारून नाव हाकतो का बे?" असं तो चारचौघांत हसला होता, ते मी माफ केलेलं नाही. पण हात चांगला आहे.

४. मुलगा जावेद नाव विकून आईला मांजरसुंब्याला आपल्या घरी नेतो म्हणतो. पोरगं मायेचं आहे. तिथं तिला जेवण मिळेल, दवा मिळेल. पण तिथं तिला वाट कोण विचारणार? वारसाला असं जादा द्यायचं तर दुसऱ्या वारसाची कबुली लागते, तीही मी गेल्यावर. म्हणून खाली जागा सोडली आहे. बाबा जावेद, एवढं कर.

साक्षीदार: बंकट भोई (वरचं वाचून सही केली), आप्पाराव सोळंके.
सही: सत्तार करीम शेख
माजलगाव, ९ फेब्रुवारी २०२३

मी जावेद सत्तार शेख. अब्बांच्या चाळीसाव्यानंतर वाचलं. सहीला हात होईना. आज अम्मीला नावेत बसवलं, बंकटकाका वल्हवत होते. मधेच तिनं थांबवलं. "इथं आमचा दरवाजा व्हता. तुझे अब्बा मला बघायला आलते, अन् चहा सांडला." मी विचारलं, "अम्मी, आता कुठून घ्यायचं?" तिनं डोळे पुसले अन् हात दाखवला.

कबूल आहे.

माजलगाव, २ डिसेंबर २०२४