दुसऱ्या ओळीतला शब्द

४ सप्टेंबर, मंगळवार

ओठ हिरवे! ठमीचे ओठ, जीभ, हनुवटी — सगळं हिरवं! मी ओट्यापाशी बटाटे सोलत होते. मागे फारच शांतता वाटली म्हणून वळून बघते, तर ही बया तारांत ओवलेल्या लाकडी मण्यांच्या चौकटीवर पालथी पडून एक मणी मन लावून चघळतेय. चौदा महिन्यांची पोर, तोंडात इनमीन चार दात. त्या चार दातांनी दोन मण्यांचा रंग पार खरवडून काढलाय, आतलं लाकूड दिसतंय. तोंडात बोट घातलं तर बोटाला रंगाचे पापुद्रे चिकटून आले.

किती दिवस चाललंय हे? चौकट ताईंनी (ह्याच्या मोठ्या बहिणीने) आणून दीड महिना झाला. दीड महिना!

हा घरी आला तर म्हणतो, ‘अगं, लहानपणी मी भिंतीचा चुना खाल्लाय. बघ, आहे की नाही ठणठणीत?’ म्हटलं, त्याचे परिणाम मी लग्न झाल्यापासून बघतेय.

चौकट उलटी करून बघितली. तळाला पांढरं लेबल. ‘तीन वर्षांखालील मुलांसाठी योग्य’. पुढे पूर्णविराम नाही. पोरीच्या तोंडात रंग आणि मी पूर्णविराम शोधतेय! पण काय करणार, बारा वर्षं लेबलांच्या प्रेसमध्ये मजकूर तपासण्यात गेली. प्रेसमध्ये मला सगळे भिंगबाई म्हणतात. औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरंसुद्धा माझ्या नजरेतून सुटत नाहीत.

योग्य म्हणे. कुणी ठरवलं योग्य?

५ सप्टेंबर, बुधवार

रजा टाकली. अख्खं घर हुंगून काढलं. दुधाची बाटली, रबरी बदक, खेळायची चटई, पावडर, अंघोळीचा साबण. चटईला नाक लावलं तर पेट्रोल पंपावर उभी असल्यासारखं वाटलं. ह्या चटईवर ती दुपारी गाल टेकून झोपते! चटई गुंडाळून जिन्याखाली टाकली. बदकही गेलं.

पावडरच्या डब्यामागचा मजकूर तीनदा वाचला. सगळे घटक लिहिलेत आणि शेवटी ‘सुगंध’. एवढंच. त्या एका शब्दाच्या पोटात काय काय दडलंय? असली दोनशे लेबलं मी स्वतः पास केली असतील. सुगंधचा उकार ऱ्हस्व आहे ना, एवढंच बघितलं. आत काय आहे हे कधी कुणाला विचारलं? नाही. माझं ते कामच नव्हतं.

ठमीने संध्याकाळी दोन घास खाल्ले आणि तिसरा थुंकला. पोट कडक लागतंय हाताला.

६ सप्टेंबर, गुरुवार

ताईंना फोन केला. करायला नको होता. निदान तसा तरी नको होता.

‘डोळे मिटून उचललंत का ते खेळणं?’ म्हणाले मी. त्या म्हणाल्या, ‘अगं, चष्मा लावून वाचलं मी. दुकानदारालासुद्धा मोठ्याने वाचायला लावलं. तीन वर्षांखालील मुलांसाठी योग्य — बघ ना, लिहिलंय तसं.’ मी म्हटलं, ‘लिहिलेलं सगळं खरं असतं का, ताई? तुम्हाला स्वतःला मूल असतं तर आणलं असतंत?’

ताईंना मूलबाळ नाही. हे माझ्या तोंडून गेलं. गेलंच.

त्यांनी फोन ठेवला. हा शेजारी उभा राहून सगळं ऐकत होता. रात्री स्वतःचं ताट घेऊन बाहेरच्या खोलीत जेवायला बसला.

८ सप्टेंबर, शनिवार

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाहेरच्या पाटीवर ‘बालरोगतज्ज्ञ’मधला एक ज गायब आहे. तेवढ्यात तेही दिसलं मला!

पोट दाबून बघितलं, जीभ बघितली. कधीपासून चिडचिडी आहे, शौचाला कशी होते, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, ‘काही रंगांत शिसं असतं. असेलच असं नाही, पण रक्त तपासून घेऊ.’ शिसं लहान मुलांच्या मेंदूला बाधतं, एवढं मलाही माहीत होतं. त्यांच्या तोंडून ऐकताना मात्र मी ठमीला उचलून घट्ट धरलं.

‘खेळणं कुठल्या वयासाठी आहे?’

‘तीन वर्षांखालील मुलांसाठी योग्य, असं लिहिलंय.’

त्यांच्या भुवया वर गेल्या. ‘असे रंगवलेले मणी? ह्या वयाला? नीट वाचलंत ना?’

मला! मला विचारतात नीट वाचलं का!

खालच्या लॅबमध्ये रक्त घेतलं. घेणारी मुलगी नवीच वाटली, पण हात हलका. ठमी इतकी किंचाळली की मीच रडले. ह्याने तिला खांद्यावर घेऊन जिन्यात फेऱ्या मारल्या, लिफ्टचं बटण दाबू दिलं. लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करतो, म्हणून ह्याच्याकडे तेवढं एक औषध असतं.

रिपोर्ट शुक्रवारी. शुक्रवारपर्यंत जीव टांगणीला.

९ सप्टेंबर, रविवार

ठमी दिवसभर चौकट मागतेय. कपाटावर ठेवलेली दिसते तिला. बोट दाखवून रडते.

१० सप्टेंबर, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत खेळण्याच्या कंपनीला फोन लावला. अर्धा तास गाणी ऐकवली, मग एक माणूस आला. अंगात आलं होतं माझ्या. ‘तीन वर्षांखालच्या मुलांसाठी योग्य लिहिता आणि रंग दातांनी निघतो?’

तो शांतपणे म्हणाला, ‘योग्य नाही, मॅडम.’

‘योग्य नाहीच! तेच तर सांगतेय मी!’

‘तसं नव्हे. मजकूरच तो आहे. तीन वर्षांखालील मुलांसाठी योग्य नाही. माझ्यासमोर कागद आहे.’

‘म्हणजे तीन वर्षांची झाली की पोटात रंग गेला तरी चालतो?’

‘मोठी मुलं चाटत नाहीत ना, मॅडम.’ काय पण उत्तर! मी ठणकावून सांगितलं, तुमच्या लेबलवर ‘नाही’ हा शब्दच नाहीये. तो म्हणाला, असं होणारच नाही, लेबलं आम्ही चांगल्या प्रेसकडून करून घेतो.

आणि प्रेसचं नाव सांगितलं.

आमच्या प्रेसचं.

११ सप्टेंबर, मंगळवार

प्रेसच्या कपाटातून जुन्या कामांची पाकिटं काढली. सापडलं. गेल्या वर्षीचं, जूनमधलं. एका एजंटामार्फत आलेलं काम, म्हणून कंपनीचं नाव मला माहीत नव्हतं.

आत छापलेला पूर्ण कागद, न कापलेला. त्यावर सगळं शाबूत. पहिली ओळ — तीन वर्षांखालील मुलांसाठी योग्य. दुसरी ओळ — नाही. पुढे पूर्णविरामसुद्धा, गोल, काळाभोर. कोपऱ्यात ‘ठीक’ आणि माझी सही.

गिऱ्हाइकाने ऐन वेळी लेबल अरुंद करायला सांगितलं होतं. ओळ मावेना, शेवटचा शब्द खाली उतरला. कापायचा साचा मात्र एकाच ओळीचा राहिला. साच्याने दोन ओळींच्या बरोबर मधून पातं फिरवलं. आपल्या भाषेत ‘नाही’ वाक्याच्या शेवटी येतो. शेवट कापला की उरलेलं वाक्य छान हसून उलटंच सांगतं! दुसरा कुठलाही शब्द कापला जाता तर कुणीतरी अडखळलं असतं. इथे कोण अडखळणार? ताई चष्मा लावून वाचतील नाही तर काय करतील?

आणि पहिलं कापलेलं लेबल हातात घेऊन वाचल्याशिवाय पुढचं कापायचं नाही, हा नियम माझाच! मीच भिंतीवर लावलाय.

कटरवर बसतात त्या काकांना विचारलं. त्यांना आठवत होतं. ‘बाई, तुमचा शेवटचा दिवस होता ना तो, बाळंतपणाच्या रजेआधीचा. मी लेबल दाखवायला आलो होतो. तुम्ही केक कापत होता. म्हणालात, काका, कागद बघितलाय मी, चालू द्या.’

चालू द्या. आठ हजार लेबलं.

ती पोटात होती माझ्या तेव्हा.

१२ सप्टेंबर, बुधवार

मालकांना सांगितलं. दार लावून घेतलं त्यांनी.

‘कुणाला बोललात?’

‘नाही अजून.’

‘मग बोलू नका. लेबलवर आपलं नाव आहे का? नाही. वर्ष उलटून गेलं. चौकटी विकून संपल्या असतील. आता बोंब मारून कुणाच्या पोटातला रंग बाहेर येणार आहे? प्रेसला टाळं लागेल, वीस माणसं घरी बसतील. तुम्ही हुशार आहात, भिंगबाई.’

विकून संपल्या नाहीत. ताईंनी दीड महिन्यापूर्वी आणली. हे माझ्या ओठांवर आलं आणि मी गिळलं. का गिळलं? मला अजून कळत नाहीये.

१३ सप्टेंबर, गुरुवार

ह्याला सांगितलं. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

म्हणाला, ‘आमच्याकडे एक बोल्ट ढिला राहिला असं मागाहून कळलं, तर आम्ही जेवण टाकून धावतो. आत माणूस आहे की नाही ते नंतर बघतो.’ मग थोड्या वेळाने, ‘ताईला फोन केलास?’

नाही केला.

कधी वाटतं आत्ता उठावं आणि त्या कंपनीला सगळं सांगून टाकावं. मग वाटतं, आधी रिपोर्ट येऊ दे. ठमीचं काय ते कळू दे, मग बघू. आठ हजार पोरांचा विचार करायला माझ्यात जागाच नाही. एकीनेच सगळी अडवलीय. लाज वाटते लिहायला, पण खरं तेच आहे.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

काही नाही!! शिसं नाही! अगदी नगण्य, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘पोट साध्या कारणानेही कडक होतं. पाणी द्या भरपूर.’

मी त्यांच्या टेबलावर डोकं ठेवून रडले. त्यांनी पेला पुढे केला तो माझ्यासाठी, प्यायली ठमी.

येताना आम्ही तिघंही रस्त्यात वेड्यासारखे हसत होतो. एका दुकानाच्या काचेत ती स्वतःला बघून टाळ्या वाजवत होती. किती दिवसांनी मी दुकानाची पाटी न तपासता पुढे गेले.

१५ सप्टेंबर, शनिवार

ठमी पोटभर जेवली. झोपलीही छान.

विचार केला शांतपणे. दीड महिना चघळूनही हिला काही झालं नाही. म्हणजे रंगात शिसं नसणारच. मग नुसता एक शब्द गेला, इतकंच ना? कुणाचं काही बिघडलेलं नाही. मालक म्हणतात त्यातही तथ्य आहे. वीस माणसं म्हणजे वीस घरं. कटरकाका आता साठीला आले, त्यांना कोण दुसरीकडे उभं करणार?

ह्याला हे सगळं म्हणून दाखवलं. हा बूट पुसत होता. म्हणाला, ‘बरं.’ ह्याच्या त्या बरंचा मला भयंकर राग आला.

१७ सप्टेंबर, सोमवार

प्रेसमध्ये एक नवं काम आलं, लहान मुलांच्या मलमाचं. मालकांनी मुद्दाम माझ्याच टेबलावर ठेवलं. पहिलं लेबल कापून हातात घेतलं, चारदा वाचलं. सगळे शब्द होते. तरी सही करताना हात थांबला.

ताईंना आजही फोन नाही. रिपोर्ट चांगला आलाय हे ह्यानेच कळवलं त्यांना. त्या म्हणे फोनवर खूप रडल्या, आणि मग विचारलं, ठमीसाठी दुसरं काही आणू का, की नको.

१८ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी लॅबमधून फोन. रक्त घेणारी तीच मुलगी. ‘मॅडम, दोन नळ्यांच्या लेबलांची अदलाबदल झाली. मीच लावली होती. काल नोंदी जुळवताना लक्षात आलं. तुम्हाला गेला तो दुसऱ्या बाळाचा रिपोर्ट. कुणाला कळलंही नसतं, पण मला राहवलं नाही. चूक माझी आहे.’

ठमीच्या रक्तात शिसं आहे. दुपारी बोलावलंय.

फोन ठेवला. लगेच खेळण्याच्या कंपनीला लावला. तोच माणूस आला. माझं नाव सांगितलं, काम सांगितलं, आणि ती मुलगी शेवटी जे म्हणाली तेच शब्द म्हणाले.