बाबांच्या खोलीतली हवा

क्रुमहोर्न, नोव्हेंबरअखेर

प्रिय ओन्नो,

पत्र पाहून दचकू नकोस. आई जिवंत आहे. आत्ता स्वयंपाकघरात बसून छताकडे बघत ओठ मुरडते आहे, कारण छताला आता एक पांढरी गोल जाळी आहे आणि ती जाळी, तिच्या मते, तिच्या कोबीच्या भाजीचा वास चोरते.

घरात आम्ही हवा बदलणारं यंत्र बसवलं. हौस म्हणून नाही. नव्या खिडक्या बसवल्यापासून घर डबीसारखं बंद झालं होतं. कपाटामागे काळी बुरशी धरली आणि आईची छाती वाजायला लागली. पूर्वी ती सकाळ-संध्याकाळ सगळ्या खिडक्या सताड उघडायची, तुला आठवत असेल, आपण गोधडीत कुडकुडत तिला शिव्या घालायचो. आता समुद्राकडचा वारा आत आला की ती अर्धा तास खोकते. बंद ठेवलं तर बुरशी, उघडलं तर खोकला. मी या दोन्हींच्या मध्ये पळून पळून थकले, ओन्नो. शाळेत शिकवून येते, खिडक्या उघडते, तिला दुसऱ्या खोलीत नेते, खिडक्या लावते, तिला परत आणते.

काम करायला फोल्कर्ट्स आला, तुझ्या वर्गातल्या हायकोचा थोरला भाऊ. शंभर वर्षांच्या घरात नळ्या घालायच्या म्हणजे पडवीचं छत खाली आलं, विटांची लाल धूळ साखरेच्या खड्यांवरसुद्धा बसली. आईने त्याला पहिल्याच दिवशी विचारलं, “हे नक्की करतं काय?” तो म्हणाला, “काकू, घरातली शिळी हवा बाहेर जाते, बाहेरची ताजी आत येते. दोघी पातळ भिंतीच्या दोन बाजूंनी जातात, एकमेकींत मिसळत नाहीत. पण जाणारी आपली ऊब येणारीला देऊन जाते.” आई म्हणाली, “आमच्या घरातून जाताना कुणी काही देऊन गेलं, हे पहिल्यांदाच ऐकते.” तो हसला. मी नाही हसले. तो टोमणा कुणाला होता ते मला कळलं होतं.

खरी पंचाईत यंत्राच्या जागेची झाली. माळ्यावर ते मावेना. फोल्कर्ट्स सगळं घर फिरला आणि बाबांच्या खोलीच्या दाराशी थांबला. त्या खोलीतलं काही तू गेल्यापासून आईने कुणाला हलवू दिलेलं नाही. पलंग तसाच, खिडकी तशीच, तू बंद केलेली. नव्या खिडक्या बसवतानासुद्धा तिने ती एक बदलू दिली नाही.

त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही. बाबा गेले, आईने रिवाजाप्रमाणे जिवाला वाट म्हणून खिडकी उघडली, आणि तू गोदीतून भिजलेल्या बुटांनी तसाच आत आलास. पाऊस तिरका येऊन त्यांच्या पायांवर पडत होता. तू खिडकी लावलीस आणि त्यांचे पाय पुसलेस. दुसऱ्या कुठल्याही घरात मुलाने हेच केलं असतं. पण आई सगळ्या शेजाऱ्यांसमोर ओरडली, “कोंडलंस त्याला!” तू दफनापर्यंत थांबलास, मग रॉस्टॉकला निघून गेलास. ती खरंच तसं मानत होती रे. दार करकरलं की म्हणायची, “आहे अजून.”

“तिथे नाही,” ती फोल्कर्ट्सला म्हणाली. “मग कुठेच नाही, काकू,” तो म्हणाला. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही, पण चहा देत राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “पाड भोक. मी बसते बघायला.”

भिंतीतून विटांचा गोल तुकडा बाहेर पडला आणि वारा शीळ घालत आत शिरला. नळी बसली, यंत्र सुरू झालं, तेव्हा आपला चाकांचा वॉकर ढकलत ती बाहेर गेली, घराला वळसा घालून, चिखलातून. मी मागे धावले. भिंतीवरच्या, हवा बाहेर टाकणाऱ्या जाळीसमोर तिने हात धरला होता. “ही तर गार आहे,” ती म्हणाली. फोल्कर्ट्स म्हणाला, “गारच असणार, काकू. ऊब आत ठेवून आली ना.” तिने दुसरा हातही जाळीसमोर धरला. मग म्हणाली, “गेला एकदाचा. आणि ऊब ठेवून गेला.”

आता ती चहाच्या पहिल्याच कपात ‘पुरे’ म्हणून चमचा ठेवते, ओन्नो. आपल्याकडे तिसऱ्याआधी चमचा ठेवणारा पाहुणासुद्धा उद्धट, आणि ती तर आई. डॉक्टर म्हणाले, यंत्र चांगलंच आहे, थोडं उशिरा बसवलंत. नाताळची आशा धरू नका. काल तिने मला बसवून सांगितलं, “ओन्नोला लिही, बाप बाहेर पडला म्हणून. माझ्या वेळी खिडकी त्यानेच उघडायची. आणि पाऊस आत आला तर त्यानेच लावायची. मी काही म्हणणार नाही.” म्हणून हे लिहिलं. तिच्या खोलीची खिडकी नवी आहे, तिची मूठ वर फिरवली तर नुसती फट पडते, आडवी केली तरच सताड उघडते. तुला ते माहीत नाही. वेळेआधी ये, दाखवते.

तुझी बहीण,
वीबके